खालचे चार फूट

बंगल्याच्या कामात गॅरेजची पाळी सगळ्यात शेवटी येते. हॉलचा रंग, किचनचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, देवघराची जाळी यांत मालकाचा उत्साह आणि पैसा दोन्ही संपलेले असतात. गॅरेजच्या भिंतींना काय करायचं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "तिथं काय, गाडीच तर लावायचीय. उरलंय त्यात भागवा." आणि कंत्राटदार खरोखरच उरलंय त्यात भागवतो. गाठी धरायला लागलेल्या सिमेंटच्या पिशव्या, चाळणीवर राहिलेली जाडी वाळू, चार खोल्यांतून उरलेल्या चार रंगांच्या टाइल्स, सगळं तिकडं जातं. ज्या हेल्परला बढती देऊन गवंडी करायचं असतं, त्याच्या हातात पहिल्यांदा थापी दिली जाते तीही गॅरेजमध्येच. सांगली-मिरज भागात वीसेक वर्षं मी प्लास्टर आणि फिनिशिंगची कामं घेते आहे. या धंद्यातली ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, फक्त मालकाला कुणी सांगत नाही.

आता बघा, अख्ख्या बंगल्यात सगळ्यात जास्त मार खाते ती हीच भिंत. पावसाळ्यात टायरबरोबर आलेलं पाणी तिच्या पायाशी साचतं. गाडी धुताना निम्मं पाणी तिच्यावरच उडतं. बंपर टेकतो, दार उघडताना आपटतं, सायकलचं हँडल घासतं. कोपऱ्यात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी ठेवलेली असते. तिचं ॲसिड सांडलं की तिथलं सिमेंट भुसभुशीत होतं. शिवाय शिडी, कुंड्या, लग्नातली मोठी भांडी, वर्षाच्या गव्हाची पोती. हॉलच्या भिंतीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तरी तिचं फिनिश निवडायला नवरा-बायको शोरूमच्या चकरा मारतात आणि गॅरेजचं फिनिश उभ्याउभ्या, फोनवर ठरतं.

डिप्लोमा झाल्यावर सुरुवातीला मी एका कंत्राटदाराकडं साइट सुपरवायझर होते. तिथं एक म्हातारे गवंडी होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मला पुस्तकातलं पाठ होतं: आतला गिलावा १२ मिलिमीटर, प्रमाण १:६; बाहेरचा २० मिलिमीटर, दोन थरांत, प्रमाण १:४; छताला ६ मिलिमीटर. आयएस १६६१ हा गिलाव्याचा मानक क्रमांक मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. मामांना हे आकडे हातानंच माहीत होते. पण काम सुरू करण्याआधी ते भिंतीच्या पायाशी उकिडवे बसत, हाताचा पालथा पंजा विटेला लावत आणि बराच वेळ तसेच राहत. मला वाटायचं, तंबाखू मळायला बसलेत.

मामांची पद्धत मी अजून सोडलेली नाही. विटांचे सांधे अर्धा इंच उकरायचे. कॉलम आणि बीमला छिन्नीनं टाचे मारायचे, नाहीतर गुळगुळीत काँक्रीटवर माल धरत नाही. वीट आणि काँक्रीट जिथं भेटतात तिथं जाळी ठोकायची. ती नसेल तर सरळ उभी चीर येते म्हणजे येतेच. मग भिंत भिजवायची, ओळंबा सोडून ठिय्ये मारायचे, ठिय्यांच्या मधे माल भरून पट्टीनं ओढून घ्यायचा आणि थांबायचं. खरं कसब या थांबण्यात आहे. बोट टेकवलं की ठसा उमटावा पण बोटाला माल लागू नये, त्या वेळी रंधा फिरवायचा. लवकर फिरवला तर भिंत लडबडते, उशिरा फिरवला तर नुसती खरवडते. नवशिक्याला धीर नसतो. तो वर आलेल्या पाण्यावर कोरडं सिमेंट शिंपडतो आणि लोखंडी गुरमाळ्यानं घोटत सुटतो. भिंत लखलखीत दिसते, मालक खूश होतो आणि महिन्याभरात त्या लखलखीत थरावर बारीक चिरांचं जाळं पसरतं. दुपारच्या सुट्टीआधी कालवलेला माल कुणी सुट्टीनंतर पाणी घालून परत हलवायला घेतला, की मामा घमेलं लाथेनं उपडं करत. "मेला त्यो माल. आता त्येच्यात पानी घाल न्हाईतर दूध घाल."

गॅरेजबद्दल त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "ताई, वरचं फिनिश मालकाचं. खालचं चार फूट जमिनीचं. तिला इचारल्याबिगर काय लावू नगा." मी मान डोलावली होती. त्यातला हिशोब मात्र पुढं बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या एका बंगल्यात कळला.

तो बंगला एका डॉक्टर दांपत्याचा. जागा पूर्वी उसाची. मिरज, शिरोळ, वाळवा, पलूस या तालुक्यांत वर्षानुवर्षं उसाला बेसुमार पाणी पाजल्यानं हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आहे. जमिनीखालचं पाणी वर येतं, उन्हानं त्याची वाफ होते आणि त्यानं सोबत आणलेलं मीठ वरच राहतं. पांढरी पडलेली शेतं इकडच्या लोकांना दाखवावी लागत नाहीत. अशा काही शेतांचे पुढं एनए प्लॉट पडले, त्यांवर बंगले आले. जमिनीतला हा उद्योग बंगला बांधला म्हणून बंद पडत नाही. उलट त्याला चढायला वीट मिळते.

प्लास्टर आमचं नव्हतं, आम्हाला दुरुस्तीला बोलावलं होतं. गॅरेजला आतून जिप्सम केलं होतं, हॉलसारखंच. जिप्समवर माझा राग नाही. घरातल्या कोरड्या खोल्यांसाठी ते उत्तम आहे: वीस-पंचवीस मिनिटांत धरतं, पाणी मारत बसावं लागत नाही, भिंत आरशाला लाजवेल अशी होते. पण ते पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम. आणि सतत ओलं राहिलं की त्याचा जोर जातो. त्या गॅरेजमध्ये पहिल्याच पावसाळ्यानंतर खालून फुगवटे आले होते. स्विचबोर्डाची लोखंडी पेटी गंजून तिच्या कडेनं तांबडे ओघळ उतरले होते. कुणीतरी खराब भाग कापून तिथं सिमेंटचा माल भरला होता, तोही पुढच्या वर्षी फुगून बाहेर आला. ओलीत जिप्सम आणि सिमेंट एकमेकांना भिडले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन माल फुगतो, हे त्या मिस्त्रीला ठाऊक नसावं. शेवटी पेंटरनं जालीम इलाज म्हणून ऑइल पेंटचे दोन हात मारले. ओल आत कोंडली आणि रंगाचे पापुद्रे पोळीएवढे सुटले.

मी टेप काढला. घराची प्लिंथ रस्त्यापासून अडीच फूट उंच. गॅरेजची फरशी मात्र रस्त्यापासून सहाच इंचांवर, कारण गाडी चढली पाहिजे. ओल अडवणारा डीपीसीचा थर घराच्या प्लिंथच्या उंचीला, म्हणजे गॅरेजच्या फरशीच्या वर दोन फुटांवर. घर आणि गॅरेज यांच्यामधली जी भिंत, तिचे गॅरेजमध्ये दिसणारे खालचे दोन फूट हा खरं तर घराचा पाया होता. पलीकडून त्याला घराच्या फरशीखालचा मुरमाचा भराव टेकलेला. म्हणजे ज्या विटांना कुणीही जमिनीवरची भिंत म्हणणार नाही, त्यांच्यावर जिप्सम चढवून पांढरा इमल्शन मारला होता. बाकीच्या तीन भिंतींना डीपीसी असायला हवा होता, पण गॅरेज नंतर वाढवलेलं; तिथं तो कुणी घातलाच नव्हता. त्या दिवसापासून मी गॅरेजमध्ये शिरल्यावर आधी घराच्या पायऱ्या मोजते. जितक्या पायऱ्या चढून घरात जावं लागतं, तितकी गॅरेजची सामाईक भिंत खालून ओली असणार, असं धरून चालते.

दुरुस्ती अशी केली. चार फुटांपर्यंत सगळं काढून विटा उघड्या पाडल्या. सांधे उकरले. विटांवर आलेला लोणा तारेच्या ब्रशनं कोरडाच झाडला आणि झाडलेला कचरा लगेच भरून बाहेर नेला. लोणा पाण्यानं धुतला तर मीठ विरघळून परत विटेत शिरतं. उन्हाळाभर भिंत तशीच उघडी ठेवली. मग एक भाग सिमेंट, एक भाग विरवलेला चुना आणि सहा भाग वाळू असा गिलावा केला. नुसत्या सिमेंटच्या जाड मालापेक्षा हा मऊ असतो, त्यातून ओलीला बाहेर पडता येतं आणि मीठ आलंच तर विटेऐवजी गिलावा झिजतो, जो पुन्हा करता येतो. एक पावसाळा रंग लावू दिला नाही. मग चुना मारला. तरी दरवर्षी खाली थोडी पांढरी भुकटी येतेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "म्हणजे रोग बरा झाला नाही?" म्हटलं, "नाही. बीपीसारखं आहे हे, सांभाळायचं." त्या हसल्या आणि बिल चुकतं केलं.

इथं अनेक गिऱ्हाइकं विचारतात, मग टाइल्सच का लावू नयेत? चार फूट डॅडो केला की ओल दिसणार नाही. दिसणार नाही हे खरं. पण टाइलमधून वाफ जात नाही, तेव्हा ओल टाइलच्या मागून चढत जाते आणि डॅडो संपतो तिथं, पाचव्या फुटावर, बाहेर येते. त्यात आपले बरेच मिस्त्री टाइलच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावून ती भिंतीला दाबतात. मधे सगळं पोकळ. गॅरेजमध्ये त्या पोकळीवर बंपर टेकला की टाइल गेली. ज्या गॅरेजचा पाया कोरडा आहे आणि रोज गाडी धुतली जाते, तिथं मी टाइल जरूर लावते, पण पाठ पूर्ण भरून. ओल्या भिंतीवर लावत नाही. अशी कामं मी सोडलेली आहेत.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. घरात पाणी शिरण्याआधी ते गॅरेजमध्ये शिरलं आणि घरातून ओसरल्यावरही गॅरेजमध्ये राहिलं, कारण सगळ्यात खोल जागा तीच. पाणी उतरल्यावर पुढचे कित्येक आठवडे आम्ही फक्त भिंती बघत हिंडत होतो. ज्याला गिलाव्याचं काही शिकायचं असेल त्याला यापेक्षा मोठी शाळा मिळणार नाही, पण अशी शाळा कुणाच्या नशिबी येऊ नये. जिप्समच्या भिंतीत पाण्याच्या रेषेखाली अंगठा सहज रुतत होता. पीव्हीसीचे पॅनल वरून धुऊन स्वच्छ दिसत होते. ते उचकटले तेव्हा मागं गाळ भरलेला, त्यात मेलेले उंदीर. पाच गोळ्यांवर लावलेल्या टाइल्सच्या मागंही तोच गाळ आणि तोच वास. पूर्ण भरून लावलेल्या टाइल्स टिकल्या. आणि ज्यांनी पैसे नाहीत म्हणून गॅरेजला नुसता वाळू-सिमेंटचा साधा गिलावा ठेवून वर चुना मारला होता, त्यांनी पाइपनं भिंत धुतली आणि दारं उघडी टाकली, एवढंच. गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या गाडीखान्याला चुन्याच्या घाणीतला गिलावा होता, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून घोटलेला. तो कोपऱ्यांत खरवडला गेला, पण आजूबाजूच्या सिमेंटच्या भिंतींपेक्षा लवकर कोरडा पडला. मातीच्या भिंतींचे वाडे कोसळले, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरअखेर होती. लोकांना सणाला घर नीट दिसायला हवं होतं, आणि ते चूक कसं म्हणू? अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली माणसं ती. पण नऊ इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंनी पाणी प्यालेली, ती अडीच महिन्यांत वाळत नाही. ज्यांनी पुट्टी आणि इमल्शन केलं त्यांचा रंग होळीच्या आत सुटला. तेव्हापासून मी प्रत्येकाला एक चाचणी सांगते. दीडेक फूट चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून दव धरलं असेल तर रंगाचा डबा उघडायचा नाही. पैसे लागत नाहीत, मीटर लागत नाही. तरी दहातले आठ जण करत नाहीत. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा शहरात आली, तेव्हा त्यातल्या काहींनी स्वतःहून फोन करून विचारलं, "तो कागद कसा लावायचा म्हणालात?"

बाहेरच्या गिलाव्याचं थोडं सोपं आहे, कारण तिथं निदान मालकाला पावसाची धास्ती असते. आमच्याकडं पावसाचा मारा पश्चिमेचा. पश्चिमेच्या भिंतीला दोन थर, वरचा सँडफेस, सिमेंटच्या पिशवीमागं २०० मिली वॉटरप्रूफिंगचं द्रावण, छज्ज्याच्या खाली पाणी तोडणारी खाच. हे सगळे करतात. मी जिथं वाद घालते ती जागा तळाशी आहे. बाहेरचा गिलावा जमिनीला टेकवायचा नाही, सहा इंच वर थांबवायचा. टेकवला की जमिनीतली ओल गिलाव्यातून डीपीसीला वळसा घालून वर जाते. बांधताना हे पाळलं तरी तीन-चार वर्षांनी मालक आवारात पेव्हर ब्लॉक टाकतो, खाली भर घालतो, आवार चार-सहा इंच वर येतं आणि गॅरेजची भिंत पुन्हा मातीत जाते. मग फोन येतो, "मॅडम, तुमच्या प्लास्टरला ओल आली."

टेक्स्चरचं खूळ मध्यंतरी फार होतं. इकडं साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बॉयलरच्या धुराड्यातली काजळी दूरवर पडते, आणि खडबडीत टेक्स्चर ती नेमकी धरून ठेवतं. दोन हंगामांत भिंत करडी. पाण्यानं निघत नाही, घासली तर टेक्स्चरच निघतं. कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या भिंतीला साधा, बारीक सँडफेस आणि बाहेरचा चांगला रंग पुरे.

वाळूचं सांगायला हवं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गौण खनिजांच्या छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, आणि त्यानंतर नदीची वाळू हळूहळू महाग आणि भानगडीची होत गेली. आम्ही क्रश सँडवर आलो. जुने गवंडी नाखूश होते. ती हाताला बोचते, रंध्याखाली जड जाते. पण खरी अडचण तिच्यातल्या धुळीची आहे. धूळ जास्त असली की गिलावा आक्रसतो आणि चिरा पडतात. काचेच्या ग्लासात वाळू आणि पाणी घालून ढवळायचं, तीन तास ठेवायचं. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या मानानं आठ टक्क्यांच्या वर असेल तर गाडी परत. गॅरेजच्या नावावर आलेली वाळू कुणी तपासत नाही. म्हणून मी ती आधी तपासते.

एप्रिल-मेमध्ये केलेल्या गिलाव्याला पाणी मारणं हा आणखी एक विनोद. घराच्या भिंतींना सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं जातं. गॅरेजला शटर बसवलेलं असतं, चावी मालकाकडं, मालक पुण्याला. चाळीस अंशांत पत्र्याच्या शटरमागं गिलावा दोन दिवसांत भाजून निघतो, आणि नंतर नखानं खरवडला तरी वाळू हातात येते. माझा आग्रह असतो की गॅरेजचं प्लास्टर शटर बसायच्या आधी व्हावं आणि भिंतीवर ओलं किंतान सोडावं. फॅब्रिकेटरची घाई असते, ती असू द्यावी.

अलीकडं एएसी ब्लॉकच्या भिंती वाढल्यात. हलक्या, झटपट, सरळ. गिलावाही पातळ लागतो. पण ब्लॉक पाणी शोषतो, म्हणून नेहमीचा माल त्याच्यावर पटकन सुकून सुटतो. पिशवीतलं तयार प्लास्टर वापरलेलं बरं. गॅरेजमध्ये वेगळाच प्रश्न येतो. इथं लोकांना भिंतीवर काहीतरी टांगायचं असतं: सायकलचे हुक, अवजारांची फळी, शिडी, आणि आता इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर. साधा प्लास्टिकचा गट्टू ब्लॉकमध्ये फिरतो, जिप्सममध्ये तर भुगाच करतो. म्हणून प्लास्टर व्हायच्या आधीच मी मालकाला खडू देते आणि भिंतीवर खुणा करायला लावते. तिथं ब्लॉकऐवजी काँक्रीटचा तुकडा किंवा पक्की वीट बसवून घ्यायची आणि चार्जरची वायर पाइपातून आधीच सोडायची. फार थोडे जण नीट खुणा करतात. बायका जास्त नीट करतात, असा माझा अनुभव आहे. सामान कुठं ठेवलं जाणार हे त्यांना आधीच माहीत असतं.

लाकडी किंवा प्लायचं पॅनेलिंग गॅरेजला करू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. वाळवीचं सोडा. तिथं गाडीच्या टाकीत पेट्रोल असतं, कोपऱ्यात थिनरचे डबे असतात आणि कधीकधी गॅसचा जादा सिलिंडरही. पेट्रोलची आणि गॅसची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत साचते. म्हणून हवेची जाळी वर एक असतेच, तशी खाली फरशीजवळही एक ठेवावी, आणि घरात उघडणारं दार गॅरेजच्या फरशीपेक्षा पायरीभर वर असावं. सिमेंटचा गिलावा जळत नाही, याची किंमत ज्याच्या शेजारी गाडी पेटली असेल त्यालाच कळते.

काही गॅरेजांमध्ये गाडी कधी शिरतच नाही. शिकवणी भरते, वकिलाचं ऑफिस होतं, गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तींचे साचे येतात. तेव्हा मालकाला ते खोलीसारखं दिसायला हवं असतं, आणि मीही अडून बसत नाही. चार फुटांच्या वर पुट्टी करा, इमल्शन करा, हवं तर वॉलपेपर लावा. खाली मात्र पूर्वी गावाकडच्या घरांना काव किंवा गेरूचा पट्टा असे तसा गडद पट्टा घ्या, तोही सिमेंट पेंटचा. चिखल दिसत नाही आणि दर दोन वर्षांनी तेवढाच पट्टा पुन्हा मारता येतो. मागं घेताना आरशात भिंत दिसावी म्हणून वरचा रंग उजळ असावा. कॉलमच्या कोपऱ्यांना गिलाव्याच्या आतच लोखंडी अँगल बसवून घ्यावा. नंतर लावलेला रबर उन्हाळ्यात सुटून लोंबतो.

मामा आता काम करत नाहीत, गुडघे गेलेत. त्यांच्या मुलाच्या घराला गॅरेज झालं तेव्हा मी बघायला गेले होते. आत साधा रंध्याचा गिलावा, त्याच्यावर चुना, खाली गेरू. सूनबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्यासारखं चकचकीत करू देत नाहीत हो." मामा काही बोलले नाहीत.

माझ्या कोटेशनमध्ये आता गॅरेज वेगळ्या ओळीत असतं: प्लिंथची उंची, वाळूचा प्रकार, खालच्या चार फुटांचा गिलावा, पाणी मारायचे दिवस. तो दर हॉलच्या दरापेक्षा जास्त असतो आणि ते पाहून गिऱ्हाईक भुवया उंचावतं. घासाघीस जरूर करा, पण ती हॉलच्या ओळीवर करा.